इंजिनाचा ताप आणि मीटरची साक्ष

रिक्षातले एक मीटर सर्वांच्या ओळखीचे आहे. ते भाड्याचे. ते तपासून सील करून घ्यावे लागते, त्यात फेरफार सापडला तर दंड होतो, आणि मागे बसलेल्या प्रवाशाची नजर सारखी त्याच्यावरच असते. परंतु ज्या इंजिनाच्या जिवावर ते भाड्याचे मीटर पळते, त्या इंजिनाला ताप किती चढला आहे हे सांगणारे मीटर आपल्या साध्या रिक्षात नसते. सरकारने ते सक्तीचे केलेले नाही, कंपनीने ते दिलेले नाही आणि आपणही ते कधी मागितलेले नाही.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे एखाद्या भगिनीला वाटेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या वस्त्यांतून कित्येक घरांची चूल रिक्षावर किंवा मालवाहू तीनचाकीवर पेटते. आता तर काही भगिनी स्वतः रिक्षा चालवितात. इंजिन बसले की गाडी गॅरेजमध्ये उभी राहते, पण बँकेचा हप्ता उभा राहत नाही. मुलांची फी उभी राहत नाही. आणि ज्याची स्वतःची गाडी नाही, जो दुसऱ्याची गाडी पाळीने चालवितो, त्याच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. ती म्हणजे ठपका. मालक म्हणतो, "इंजिन तू जाळलंस, गाडी दामटलीस." चालक म्हणतो, "मालक, मी नेहमीसारखीच चालवली." दोघांपैकी खरे कोणाचे, हे सांगायला तिसरा साक्षीदार नसतो. मग ज्याच्या हातात गाडीची चावी आणि कागदपत्रे, त्याचेच खरे ठरते. सिलिंडर हेडच्या तापमानाचे मीटर हा असा तिसरा साक्षीदार होऊ शकतो. मात्र साक्षीदार खोटा निघाला तर नसलेला परवडला! म्हणून मीटर कोणते घ्यावे, कोणते घेऊ नये, याविषयी आम्ही चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

पाणी नाही, हवा आहे

मोटारीच्या इंजिनात स्फोटाच्या क्षणी वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जाते. हेड मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरी हेड वितळत नाही, कारण उष्णता सतत बाहेर काढली जाते. इंधनात जेवढी शक्ती असते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनाच्या अंगातून काढून टाकावा लागतो. ॲम्बेसेडर, मारुती ८०० या गाड्यांत हे काम पाणी करी. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निरोप घेतलेल्या पद्मिनी टॅक्सीतही पाणीच होते. म्हणून तेथे पाण्याच्या तापमानाचा काटा असे. पाणी उकळू लागले की बोनेटमधून वाफ निघे आणि न शिकलेल्या माणसालाही कळे की थांबले पाहिजे.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात असा बोभाटा होत नाही. तेथे हेडला आणि सिलिंडरला पातळ पात्या असतात, मिस्त्री त्यांना फिन म्हणतात. या फिनवरून वारा गेला पाहिजे. मोटारसायकलचे इंजिन उघड्यावर असते, गाडी पळाली की वारा आपोआप लागतो. रिक्षाचे इंजिन मागे, पेटीत. तेथे वारा पोचत नाही. म्हणून इंजिनाच्याच दांड्यावर पंखा बसविलेला असतो आणि पंख्याचा वारा इकडेतिकडे न जाता फिनवरूनच जावा यासाठी वरून पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते. ही रचना इटलीच्या व्हेस्पा स्कूटरची. ती १९४६ साली निघाली. तिच्यावरून तीनचाकी झाली आणि आपल्याकडची रिक्षा त्याच घराण्यातली. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत ज्या रिक्षा बनतात, त्यांच्या पेट्रोल आणि सीएनजीच्या कित्येक इंजिनांत तीच पंख्याची पद्धत चालत आली आहे.

या पद्धतीत एक मेख आहे. पंखा इंजिनाबरोबर फिरतो. इंजिन जोरात फिरले तर वारा जास्त, सावकाश फिरले तर वारा कमी. घाट चढताना किंवा घाटकोपर-भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत तीन माणसे आणि सामान घेऊन जाताना काही चालक वरचा गिअर सोडायला तयार नसतात. त्यांना वाटते खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडते म्हणजे त्रास होतो. वस्तुस्थिती उलट आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरत फिरते, पंखा मंद होतो आणि ॲक्सिलरेटर पिळलेला असल्यामुळे आग मात्र पूर्ण असते. खालचा गिअर टाकला की वारा वाढतो. हेडला मीटर असलेल्या गाडीत हा फरक दोन-तीन मिनिटांत काट्यावर दिसतो. कोणी सांगून पटत नाही ते काटा पटवून देतो.

आणि १४ एप्रिलची मिरवणूक! ऐन उन्हाळा, पहिला गिअर, अर्ध्या क्लचवर मुंगीच्या पावलाने सरकणारी तीनचाकी, वर पोरे बसलेली, मागे स्पीकर. पंखा मंद, क्लच तापलेला आणि पेटीत कोंडलेली गरम हवा. बाबासाहेबांच्या जयंतीत गाडी जुंपण्याचा उत्साह समजू शकतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने गाडी बाजूला घेऊन रिकामी थंड होऊ द्यावी, एवढे कार्यकर्त्यांनी ठरवून घ्यायला हरकत नाही.

हे मीटर मूळचे कोठले

हेडच्या तापमानाचे मीटर प्रथम गाजले विमानांत. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या विमानात पायलटसमोर हा काटा असे आणि लहान विमानांत तो आजही असतो. मोटारीच्या जगात त्याची चर्चा सर्वात अधिक झाली ती जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमुळे. या गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन मागे, हवेवर थंड होणारे. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडेपर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. फ्रान्सची सित्रोएन २ सीव्ही, इटलीची जुनी फियाट ५००, १९९८ पर्यंतची पोर्शे ९११ या गाड्याही हवेवरच्याच. परंतु बीटल ही कामकरी माणसाची गाडी म्हणून निघालेली, स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येणारी. म्हणून तिच्या मालकांनी या मीटरचा कसून अभ्यास केला.

बीटलच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नव्हता. लाल दिवा होता तो बॅटरी चार्ज होत नसल्याचा. पण डायनामो आणि पंखा एकाच पट्ट्यावर फिरत असल्याने तो दिवा लागला याचा अर्थ पट्टा तुटला असण्याची शक्यता, म्हणजे पंखा बंद, म्हणजे गाडी तत्काळ थांबवा! जाणकाराला हे ठाऊक, नवख्याला वाटे बॅटरीचेच काही असेल, घरी जाऊन बघू. घरी पोचेपर्यंत इंजिन संपलेले असे.

दुसरी गोष्ट तिसऱ्या सिलिंडरची. जुन्या बीटलमध्ये ऑइल थंड करणारी जाळी पंख्याच्या पेटीतच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर बसविलेली होती. त्यामुळे त्या सिलिंडरला वारा कमी आणि तोही आधीच तापलेला मिळे. १९७१ च्या मॉडेलपासून ती जाळी बाजूला काढून वेगळ्या पेटीत ठेवली गेली. म्हणून जुन्या गाडीला मीटर बसविणारे आजही संवेदक तिसऱ्याच सिलिंडरला लावतात. जेथे सर्वात वाईट स्थिती आहे तेथे मोजायचे, हे त्यामागचे तत्त्व. चांगल्या जागी मोजून समाधान मानायचे, ही सवय इंजिनापुरती मर्यादित नाही, पण तो वेगळा विषय झाला. आपल्या रिक्षात सिलिंडर एकच, त्यामुळे कोणता निवडावा हा प्रश्न पडत नाही.

बीटलच्या इंजिनाचे अनुभवाने ठरलेले आकडे असे की सपाट रस्त्यावर प्लगखाली मोजलेले तापमान साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअस असावे. चढावर थोडा वेळ २२० च्या आसपास गेले तर चालते. त्याहून वर सतत राहिले तर हेडचा धातू मऊ पडू लागतो, प्लगचे आटे आणि व्हॉल्व्हची बैठक धोक्यात येते. हे आकडे बीटलचे आहेत. ते जसेच्या तसे रिक्षाला लावू नयेत.

दोन धातूंची गाठ

बाजारात ‘टेंपरेचर मीटर’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या जातीच्या वस्तू मिळतात, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो.

पहिली जात पाण्याच्या मीटरची. याचा संवेदक तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा दिसतो. हे मीटर रेडिएटरसाठी केलेले असते, त्याची मोजपट्टी बहुधा १२० किंवा १५० अंशांवर संपते. हेड चालू गाडीत त्या आकड्याच्या पुढेच असते. म्हणजे काटा सदासर्वदा लाल रेघेला चिकटलेला! दोन दिवस चालक घाबरतो, तिसऱ्या दिवशी दुर्लक्ष करू लागतो. स्वस्त आहे आणि दिवा रंगीत आहे म्हणून हे मीटर हेडला लावणे म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरी जात थर्मोकपलची. हीच आपल्या कामाची. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाला आढळले की दोन वेगळ्या धातूंच्या तारांची टोके जोडून एक जोड तापविला आणि दुसरा थंड ठेवला तर वीज निर्माण होते. त्याच गुणावर हे मीटर चालते. संवेदक म्हणजे तांब्याची एक कडी, प्लगच्या वॉशरसारखी. ती प्लगखाली बसते. तिच्यापासून दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा निघून मीटरपर्यंत जातात. यात जो प्रकार ‘के’ या अक्षराने ओळखला जातो, त्यात एका अंशाच्या फरकाला साधारण ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. २०० अंशांच्या फरकाला ८ मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलचा जवळपास दोनशेवा भाग. काट्याच्या जुन्या मीटरला एवढी वीज पुरते, त्याला बॅटरीचीही गरज लागत नाही.

वाचकांनी ‘फरक’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा. थर्मोकपल हेडचे तापमान मोजीत नाही. हेड आणि मीटरकडचे टोक यांच्या तापमानातला फरक मोजते. मग आकडा दाखवायचा तर मीटरकडच्या टोकाचे तापमान त्यात मिळवावे लागते. चांगल्या मीटरमध्ये त्यासाठी आत छोटा संवेदक असतो आणि बेरीज आपोआप होते. स्वस्तातल्या काट्याच्या मीटरमध्ये ती सोय नसते. कारखान्यात असे गृहीत धरलेले असते की मीटर नेहमी २० किंवा २५ अंशांच्या जागी राहणार. थंड देशात ते बहुतेक खपून जाते. आता हेच मीटर घेऊन मे महिन्यात नागपूरला या. हँडलजवळची जागा ४५ अंशांवर. हेड खरोखर २२० अंशांवर आहे. फरक झाला १७५. मीटर त्यात आपले गृहीत धरलेले २० मिळविणार आणि दाखविणार १९५. चालकाला वाटणार, ठीक चालले आहे. आणि थंडीच्या पहाटे १० अंशांत तेच मीटर १० अंश जास्त दाखविणार. म्हणजे हिवाळ्यात उगाच घाबरविणार आणि उन्हाळ्यात झोपविणार. ज्या दिवशी साक्ष हवी त्याच दिवशी साक्षीदार फितूर!

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा की यात बाहेरच्या तापमानाची भरपाई आहे का? तो "हो हो, सगळं आहे त्यात" म्हणेल. आमचा पेशा कारकुनीचा, बेरीज दुसऱ्याने केलेली असली तरी एकदा आपण करून बघायची ही आमची सवय. भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले ते येथेही लागू पडते. परंपरेने आले, मोठ्या माणसाने सांगितले, ग्रंथात लिहिले, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे मीटर पारखणे फार सोपे आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्यापूर्वी मीटर पाहावे. भरपाईचे मीटर त्या वेळच्या हवेचे तापमान दाखवील, म्हणजे थंडीत १५ तर उन्हाळ्यात ३०. बिनभरपाईचे मीटर जानेवारीत आणि मेमध्ये एकच आकडा दाखवील, कारण दोन्ही टोके सारखीच थंड असल्याने फरक शून्य.

दुसरी परीक्षा घरच्या स्वयंपाकघरात होते. बसविण्यापूर्वी कडी उकळत्या पाण्यात धरावी, भांड्याला टेकू देऊ नये. मुंबईत १०० अंश यावेत, पुण्यात उंचीमुळे ९८ च्या आसपास. तीन-चार अंश इकडेतिकडे झाले तर चिंता नको. पंधरा-वीस झाले तर मीटर परत करावे. आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम सांगावे, त्यांना ते आवडते आणि शाळेत न दाखविलेला प्रयोग घरात होतो. उकळते पाणी आहे, मोठ्या माणसाने जवळ उभे राहावे.

तार कापू नये

मीटर बसविणारे काही मिस्त्री तार लांब पडली की कापतात आणि आखूड पडली की साधी तांब्याची वायर जोडतात. दिव्याच्या वायरिंगमध्ये हे चालते, येथे चालत नाही. काट्याच्या मीटरमध्ये तारेची लांबी धरूनच काटा जुळविलेला असतो, म्हणून जास्तीची तार वेटोळे करून ठेवावी. आणि तांब्याची वायर जोडली की दोन धातूंची जोडी तेथेच तुटते. समजा जोड इंजिनाच्या पेटीत आहे आणि तेथे ७० अंश आहेत, मीटर पुढे ३५ अंशांच्या जागी आहे, हेड २०० वर आहे. भरपाईचे चांगले मीटरसुद्धा दाखवील १६५. पस्तीस अंशांची ही चोरी कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण मीटर चालू दिसते, काटा हलतो. तार वाढवायचीच असेल तर त्याच जातीची थर्मोकपलची तार घ्यावी आणि धन-ऋण सांभाळावे. टोके उलटी लागली तर हेड तापते तसा काटा खाली जातो.

रिक्षाचे इंजिन मागे आणि चालक पुढे, हे विसरून पुष्कळ जण मोटारसायकलचा संच आणतात आणि मग तार पुरत नाही. विकत घेण्यापूर्वी सुतळी घेऊन प्लगपासून हँडलपर्यंत, ज्या वाटेने तार न्यायची त्या वाटेने मोजावे.

कडीचे मापही प्लगच्या आट्यावरून ठरते. १४, १२ आणि १० मिलिमीटर ही मापे आढळतात. जुना प्लग खिशात घालून दुकानात जावे, तोंडी माप सांगू नये. कडी घातली की प्लग तेवढाच वर उचलला जातो. म्हणून प्लगचा स्वतःचा वॉशर काढायचा की ठेवायचा, हे मीटरबरोबरच्या कागदावर पाहूनच ठरवावे. प्लग बसविताना इंजिन थंड असावे, आधी हाताने आटे लावावेत आणि मगच पाना घालावा. पाना फिरविताना कडीही प्लगबरोबर फिरू पाहते आणि तार मानेशी पिळली जाते. बहुतेक कड्या तेथेच तुटतात. एका हाताने तार धरून ठेवावी.

डिझेलच्या तीनचाकीत प्लगच नसतो. हवेवर थंड होणारी एक सिलिंडरची डिझेल इंजिने मालवाहू तीनचाकींत वर्षानुवर्षे चालली आणि अजून कितीतरी चालत आहेत. त्यांना प्लगखालची कडी निरुपयोगी. तेथे हेडवरच आवरण बसविण्यासाठी जो लहान बोल्ट असतो त्याखाली योग्य मापाची कडी धरता येते. हेड आवळणाऱ्या मुख्य नटांखाली काहीही घालू नये, त्यांचा ताण ठरलेला असतो.

काटा घ्यावा की आकड्यांचे डिजिटल मीटर? आमचे मत असे की भर रस्त्यात आकडा वाचण्यापेक्षा काट्याची दिशा पटकन दिसते. पण काट्याच्या मीटरमध्ये भरपाई नसण्याचा धोका अधिक. भरपाई असलेले डिजिटल मीटर मिळत असेल आणि ते उन्हात वाचता येत असेल तर ते घ्यावे. मोजपट्टी ३०० अंशांपर्यंत तरी असावी. परदेशी मीटर पुष्कळदा फॅरनहाइटमध्ये असते. ४०० चा आकडा पाहून छातीत धडकी भरते, पण त्यातून ३२ वजा करून पाचाने गुणून नवाने भागले की २०४ सेल्सिअस येतात.

स्टँडवर मिळून एक

प्रत्येकाने मीटर घ्यावेच, असे आम्ही म्हणत नाही. हप्ता फेडणाऱ्या माणसाला प्रत्येक खर्च विचारूनच करावा लागतो. त्यासाठी एक मधला मार्ग आहे. विजेच्या कामाचे जे डिजिटल मल्टिमीटर मिळते, त्यातल्या काही प्रकारांत ‘के’ जातीचे थर्मोकपल लावण्याची सोय असते आणि भरपाईही आतच असते. स्टँडवरच्या दहा-बारा जणांनी मिळून असे एक मीटर घेतले, प्लगच्या मापाची एक-दोन कड्यांची जोडी घेतली, तर प्रत्येकाची गाडी आठवड्यातून एक दिवस तपासता येते. मात्र मीटर वाचायला शेजारी दुसरा माणूस हवा, चालवता चालवता मांडीवरचे मीटर पाहू नये. विहारात पुस्तकपेटी ठेवतो तशी ही पेटी ठेवावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते आणि कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्याच खात्याकडे होती. वस्तीतला आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी या पेटीची जबाबदारी घेऊ शकेल.

लांबून तापमान दाखविणारी बंदूकही हल्ली मिळते. ती चमकदार ॲल्युमिनियमवर धरली तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दाखविते. मोजण्याच्या जागी काळा, न चमकणारा, उष्णता सोसणारा रंग लावला तर बरा आकडा मिळतो. तरीही आवरणाखालचे हेड चालत्या गाडीत तिला दिसत नाही. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनावर कारखान्याचा संवेदक असतो, पण तो गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतो, चालकाला फार तर दिवा दिसतो.

मीटर बसविण्याआधी मात्र जे फुकट आहे ते करावे. फिनमधला चिखल आणि ऑइलचा लगदा खरवडून काढावा. पंख्याची पाती मोडली आहे का पाहावे. दुरुस्तीनंतर वरचे आवरण "नंतर लावू" म्हणून गॅरेजमध्येच राहते, ते आधी लावून घ्यावे. आवरण काढले तर इंजिनाला जास्त हवा लागेल असे वाटते, प्रत्यक्षात पंख्याचा वारा भलतीकडे जातो आणि हेड अधिक तापते. टॅपेट आणि टायमिंग वेळेवर पाहून घ्यावे. सीएनजी वाचावा म्हणून नाक्यावर स्क्रू पिळून मिश्रण पातळ करून घेण्याची जी खोड आहे, ती हेडचा आणि व्हॉल्व्हचा घात करते. टू स्ट्रोक गाडीत ऑइल मोजून घालावे, अंदाजाने नव्हे.

आता आकडा किती असावा? कंपनीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात दिला असेल तर तोच खरा. नसेल तर आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा आपणच शोधावा. इंजिन नीट जुळविलेले असताना आठ-दहा दिवस वहीत लिहावे. तारीख, वेळ, हवेचे तापमान, रस्ता सपाट की चढाचा, माणसे किती आणि मीटरचा आकडा. दहा दिवसांत त्या गाडीची प्रकृती समजते. मग त्याच रस्त्यावर तेवढ्याच ओझ्याला आकडा २५-३० अंशांनी वर गेला, तर गाडी मिस्त्रीकडे न्यायची वेळ झाली. चालत्या गाडीत काटा झपाट्याने चढला, ओढ कमी झाली, आतून खडखड ऐकू आली, तर गाडी बाजूला घ्यावी. पंखा फिरत असेल तर मिनिटभर रिकामे इंजिन चालू ठेवावे, पंखा फिरत नसेल तर तत्काळ बंद करावे. तापलेल्या हेडवर पाणी ओतू नये, हेड वाकडे होते किंवा तडकते. बंद केल्यावर काटा क्षणभर आणखी वर जातो, त्याने घाबरू नये. वारा थांबलेला असतो आणि आतली उष्णता बाहेर येत असते.

पाळीने गाडी चालविणाऱ्यांनी ही वही मालकाला न मागता दाखवावी आणि महिन्यातून एकदा त्याची सही घ्यावी. गाडी हातात घेतली त्या दिवशीचा आकडा पहिल्या पानावर असावा. "माझ्याकडे आली तेव्हाच चढावर हेड इतके तापत होते, आवरण नव्हते, मी तुम्हाला अमुक तारखेला सांगितले होते," हे तोंडी सांगितले तर कटकट ठरते, सहीनिशी वहीत असले तर मालकाला उत्तर द्यावे लागते. कडीची तार दर वेळी प्लग साफ करताना तपासावी आणि ती बदलली तर तेही त्याच वहीत, तारखेसह लिहावे.